गुण नंतर, आधी पाणी!

1951 च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत वॉटरपोलोचं सुवर्णपदक भारताने जिंकलं होतं, हे आज किती जणांना आठवतं? कॉलेजच्या संघातून हा खेळ खेळू पाहणाऱ्या गव्हाणच्या शाळकरी पोराला आपण काय सांगतो? "सवलतीचे गुण मिळतील, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे." अहो, पण खेळायचं कुठे? सात जणांचा संघ, तळाला पाय न टेकता झुंजायचं, म्हणजे 2 मीटर खोल तलाव हवाच. खाडीत पोहून दम वाढतो, संघ उभा राहत नाही. पनवेल-उरणच्या जमिनींवर बंदर झालं, 2025 मध्ये विमानतळही झाला. मग शाळेच्या पोरांसाठी एक तलावच का जड व्हावा? बक्षिसं सावकाश द्या हो, आधी पाणी द्या!