अनुक्रमांक वेगळा, नोंद क्रमांक वेगळा



ऊस नोंदीची वही जाऊन संगणकावर एक्सेलचा तक्ता आला, ही मोठी सोय झाली. पहिल्या दोन घरांत १ व २ लिहावे, दोन्ही घरे निवडून कोपऱ्यातला ठिपका खाली ओढावा, की हजार ओळींना क्षणात आकडे पडतात. 'रो' हे सूत्र घातले, तर मधली ओळ काढली तरी पुढचे आकडे आपोआप सरकतात.

पण हा आकडा ओळीच्या जागेचा, सभासदाचा नव्हे. तीच यादी गाववार लावली की काल ४० वर असलेला सभासद आज २१५ वर! त्यालाच तोडणीची पाळी मानले, तर जुलैची आडसाली लागण फडात तुरे काढीत उभी आणि मागाहून लावलेला ऊस आधी गव्हाणीत. नुकसान सभासदाचे, अन् भांडण चिटबॉयशी!

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की नोंद क्रमांक नोंदीच्या दिवशी एकदाच हाताने टाइप करावा. नोंद रद्द झाली तरी तो दुसऱ्यास देऊ नये. क्रमवारी लागण तारीख, उसाची जात व पक्वता पाहून लावावी. लावताना सगळे रकाने एकत्र निवडावेत, नाहीतर नाव एकाचे, तारीख दुसऱ्याची होते. सूत्राचा अनुक्रमांक सर्वांत शेवटी घालावा आणि यादी गट ऑफिसच्या फळ्यावर लावावी.

आपणही पावतीवरचा नोंद क्रमांक व लागण तारीख यादीशी ताडून पाहा. फरक दिसला तर गळीत सुरू होण्याआधीच या. टोळी फडात शिरल्यावर ओरडून उपयोग नाही.