मृग आणि रमजान

जठारपेठेतल्या एखाद्या मुलाचा दिवस पाहा. घरी वऱ्हाडी शब्द मिसळलेली उर्दू, मकतबात अरबी अक्षरे, शाळेत मराठी किंवा इंग्रजी आणि गल्लीत ‘काहून रे’, ‘मले दे’. इतक्या भाषांत पोर गोंधळेल, या काळजीने काही आईबाप घरातही इंग्रजीच बोलू लागले आहेत. ही काळजी अनाठायी आहे. दादीशी कोणती भाषा बोलायची आणि सरांशी कोणती, हे लहान मूल फार लवकर ओळखते.

भाषा आटते ती तिच्याबरोबरचे काम सुटले की. नानांबरोबर वावरात जाणाऱ्या मुलाला तिफण, वखर, पराटी हे शब्द कुणी पाठ करून घेतले नव्हते. काम पाहता पाहता ते तोंडी आले. आज कृषी विद्यापीठाच्या याच अकोल्यात वाढणाऱ्या नातवाला तिफण चित्रातच दिसते.

शब्दाबरोबर जाणतेपणही जाते. शेतकरी घरातली दादी दोन हिशेब ठेवायची: ईद चंद्रावर, पेरणी मृगावर. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. मृग मात्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारासच लागतो. चंद्र-सूर्याच्या चालीतला हा फरक तिने पुस्तकात वाचला नव्हता, घरातल्या बोलण्यातून उचलला होता.

दूर केनियातही हेच चालले आहे. घरी किकुयू किंवा लुओ, बाजारात स्वाहिली, शाळेत इंग्रजी. नैरोबीच्या तरुण पोरांनी स्वाहिली आणि इंग्रजी मिसळून ‘शेंग’ नावाची नवी बोली घडवली; पण त्यांच्यातले कितीतरी जण गावाकडच्या आजीशी बोलताना अडखळतात. स्वाहिलीत पुस्तकाला ‘किताबू’ म्हणतात, वेळेला ‘वकाती’. अरबीतले हे शब्द तिथे मुरले, तसे आपल्या मराठीत ‘तारीख’ आणि ‘हिशेब’ मुरले. नवे शब्द आल्याने भाषा मरत नाही. घरातले बोलणे थांबले की ती मरते.

तेव्हा इंग्रजीचे काम शाळेवर सोपवा. ज्वारी निवडताना, शेवया करताना पोराला जवळ बसवा आणि आपल्या बोलीतच बोला. आणि एक हिशेब त्याला दादीकडून मांडून घ्यायला सांगा: पुढच्या वर्षी मृग आधी लागेल की रमजान, आणि दोघांत किती दिवसांचे अंतर असेल?