टॉरेंटसाठी कोणतं अ‍ॅप घ्यावं? संगणक, सर्व्हर आणि फोनची गरज वेगळी

टॉरेंट म्हणजे चोरी नव्हे. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी अनेकांच्या संगणकांवरून मिळवण्याचं हे तंत्र २००१ पासून आहे. उबुंटूही अधिकृतपणे असं डाउनलोड करता येतं. प्रश्न अ‍ॅपच्या निवडीचा आहे.

संगणक : क्यूबिटटॉरेंट. मोफत, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत. जुन्या सवयीने यूटॉरेंट घेणाऱ्यांनी २०१५ आठवावं. तेव्हा त्याच्यासोबत क्रिप्टो मायनिंगचं सॉफ्टवेअर शिरल्याच्या तक्रारी वापरकर्त्यांनी केल्या होत्या.

सर्व्हर : ट्रान्समिशन. मेमरी कमी लागते, दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालवता येतं. पासवर्ड मात्र लावाच.

फोन : अँड्रॉइडवर लिब्रेटॉरेंट. डाउनलोडसोबत अपलोडही सुरू असतं, त्यामुळे डेटा पॅक झपाट्याने संपतो. वाय-फायवरच वापरा.

लक्षात ठेवा : अ‍ॅप कोणतंही असो, तुमचा आयपी अ‍ॅड्रेस तीच फाइल घेणाऱ्या इतरांना दिसतो. नवा सिनेमा उतरवताना तुम्ही तो नकळत वाटतही असता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चांगलं अ‍ॅप जाहिरातींपासून वाचवेल, कायद्यापासून नाही.