तांबं चढलं, पण धरलं का?

क्युपर्टिनोतून कोणी लिहिलं की वाचकांना वाटतं, आता फोन, चिप, नाहीतर इथल्या घरांच्या किमती. मी लिहिणार आहे तेलविहिरीतल्या पाइपच्या आट्यांवर. लेकीकडे इथे येण्याआधी माझी नोकरीची सगळी वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लेटिंगच्या कामात गेली. शिवाय कुवेत, मस्कत, अबूधाबीला तेलाच्या धंद्यात आपली मराठी माणसं बरीच आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचावं एवढीच इच्छा.

मुंबई हायला १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, हे आपल्याला पाठ असतं. पण ते तेल काही एका अखंड नळीतून वर येत नाही. साधारण बारा-बारा मीटरचे पाइप आट्यांनी एकमेकांत पिळत खाली सोडतात. तीन हजार मीटरची विहीर धरा, म्हणजे अडीचशे जोड झाले. त्यातला एक जरी गळला तरी बाकीचे दोनशे एकोणपन्नास चांगले असून उपयोग नाही.

हे आटे पिळताना प्रचंड दाबाखाली पोलादावर पोलाद घासतं. दोन्हीकडचा धातू एकाच जातीचा. वरचा थर खरवडला गेला की उघडं पोलाद उघड्या पोलादाला चिकटतं आणि पुढच्या फेऱ्यात लचका तोडूनच सुटतं. आम्ही म्हणायचो, ‘आटे खाल्ले’. साहेबलोक म्हणायचे ‘गॉलिंग’. स्टेनलेसचा नट बोल्टवर मध्येच अडकून बसतो, तो हाच प्रकार. विहिरीत कार्बन डायऑक्साइड असेल तर गंज टाळायला तेरा टक्के क्रोमचं पोलाद वापरतात, आणि ते तर याबाबतीत फारच खोडकर. म्हणून कपलिंगच्या आतल्या आट्यांवर तांब्याचा पातळ थर चढवतात. तांबं मऊ, जात वेगळी. दोन पोलादांच्या मध्ये ते पडतं.

मात्र ते तिथे टिकलं तर! शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवण्याचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असेल. खिळा बघता बघता तांबूस होतो आणि बोट फिरवलं की तांबं बोटाला येतं. पोलाद सरळ मोरचुदाच्या आम्लात सोडलं तर कारखान्यातही तेच होणार. म्हणून आधी ग्रीस काढायचं, मग आम्लात धुवायचं, मग पातळसा पहिला हात द्यायचा आणि त्यावर खरं तांबं. क्रोमच्या पोलादावर तर हवेत आपोआप एक अदृश्य पापुद्रा धरतो. तो काढून लगेच निकेलचा हात द्यावा लागतो. धुऊन चहाला गेलात तर परत पहिल्यापासून सुरुवात. कल्हईवाला कथील लावण्याआधी तापलेल्या भांड्यात नवसागर फिरवायचा, धुराने सगळी आळी खोकायची. त्याचंही गणित हेच. सगळी मेहनत चढवण्याच्या आधीची.

आणि नेमकी हीच मेहनत तयार मालावर दिसत नाही. सैल तांबंही तेवढंच चमकतं. जाडी मोजायचं यंत्र सैल थराचीही जाडी बिनचूक सांगतं. कागदपत्रं हिरवी, माल रवाना. मग रिगवर पिळताना तांब्याच्या कपच्या सुटतात, आट्यांच्या खाचांत गोळा होतात. त्यांच्या अडथळ्यामुळे पिळायचा जोर वाढतो, आकडा बघून वाटतं जोड घट्ट बसला, प्रत्यक्षात तो पूर्ण बसलेलाच नसतो. प्लेटिंग नसतं तर निदान माणूस सावध तरी राहिला असता.

माझं म्हणणं असं, की पकड तपासायची तर नमुना मोडावाच लागतो. वाकवून बघा, कानस मारून बघा, तापवून एकदम पाण्यात टाका; थर फुगला किंवा सुटला तर कळतंच. पण तो नमुना कपलिंगच्याच पोलादाचा हवा. साध्या पोलादाची पट्टी टाकीत सोडायची, ती वाकवायची आणि तिच्या जिवावर क्रोमच्या मालाला दाखला द्यायचा, हे मी पुष्कळ पाहिलंय. साध्या पोलादाला तो पापुद्र्याचा त्रासच नसतो, ती पट्टी पास होणारच! एका ग्राहकाच्या खरेदी विभागाने आम्हाला खऱ्या पोलादाच्या नमुन्याचे पैसे नाकारले होते. मोडण्यासाठी आणलेल्या तुकड्याचं बिल कशाला, हा त्यांचा प्रश्न. भर समुद्रात, भाड्याच्या रिगवर अख्खी माळ परत वर काढायला किती बिल होतं, ते मात्र दुसऱ्या खात्यात पडतं.

इथे घराच्या आसपास चिपवाले बरेच. त्यांच्याशी बोलताना कळतं, त्यांचंही दुखणं हेच. चिपमधल्या तारा ॲल्युमिनियमच्या असायच्या. १९९७ मध्ये आयबीएमने तांब्याच्या तारांची चिप जाहीर केली. तांबं प्लेटिंगनेच भरतात, पण खालच्या काचेसारख्या थराला ते नीट धरत नाही, म्हणून मध्ये टँटलमचा थर देतात. तो थर धरला की नाही हे बघायला ही मंडळी सुखाने वेफर वाया घालवतात. तेलवाल्यांच्या जिवावर का येतं, कोण जाणे.

जोड गळला तर काय होतं ते कॅलिफोर्नियाने वेगळ्या कारणाने पाहिलंय. लॉस एंजेलिसजवळ आलिसो कॅन्यनला ऑक्टोबर २०१५ मध्ये गॅसच्या एका विहिरीचा पाइप फुटला. तिथे दोष आट्यांचा नव्हता, पाइप बाहेरून गंजला होता. पण गळती थांबायला फेब्रुवारी २०१६ उजाडला आणि हजारो कुटुंबांना घरं सोडून राहावं लागलं. जमिनीखालची नळी गळली की वरून हात पोचत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाच्या हातात ऑर्डर लिहिणं असेल, तर जाडीच्या आकड्याखाली आणखी एक ओळ घाला: पकडीची चाचणी, त्याच पोलादाच्या नमुन्यावर, आमच्या माणसासमोर. आणि त्या नमुन्याचे पैसेही त्याच ऑर्डरमध्ये धरा, नाहीतर प्लेटिंगवाला परत साधी पट्टीच पुढे करेल.