भाच्याची काठी, आजोबांचा डबा

गोव्यातल्या कुठल्याही पुलावर संध्याकाळी थांबा, गरी टाकून बसलेला एखादा माणूस दिसणारच. माझे बाबा त्यांतलेच. सुट्टीत आलेल्या नातवाला, म्हणजे माझ्या भाच्याला, गरीला सुंगट लावायला त्यांनीच शिकवलं. भाचा आता चंदीगडला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि त्याचे फोन कमी झाले. विचारलं की "बरं आहे" एवढंच.

मग एका रविवारी हिमाचलातल्या तीर्थन नदीवरून त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, इथं लोक पिसांची माशी टाकून ट्राउट पकडतात. बघ तरी!" त्याचा तो जुना आवाज ऐकला आणि ठरवलं, वाढदिवसाला त्याला फ्लाय फिशिंगचं सामान द्यायचं. बजेट आठ हजार, ज्ञान शून्य.

पणजीच्या एका दुकानात जाऊन मी चांगली जाडजूड काठी पसंत केली. दुकानदाराने विचारलं, "बाब, मासे कुठं पकडणार?" सांगितल्यावर त्याने काठी परत जागेवर ठेवली. "ही समुद्राची. हिनं माशी फेकता येत नाही."

का येत नाही, ते समजायला मला चार संध्याकाळी लागल्या. आपण गरीला शिसं बांधतो, त्या वजनाने लाइन लांब जाते. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून इथं लाइनच जड असते आणि ती फ्लायला ओढून नेते. काठी आणि लाइन यांचा नंबर एकच हवा, तो त्यासाठी.

तुमच्या घरी असा कोणी नवशिका असेल, तर माझी यादी घ्या. काठी ९ फुटी, ५ नंबरची, चार तुकड्यांची. बसमधून नेता येते आणि ट्राउटच्या बहुतेक नद्यांवर चालते. लाइनही ५ नंबरची, पाण्यावर तरंगणारी, 'वेट फॉरवर्ड' प्रकारची. पैसे जास्त घालायचे तर इथं घाला. स्वस्त लाइन वेटोळी धरते आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच हात वाईट. रीळ साधं चालेल, लहान ट्राउटसाठी त्याचं मुख्य काम लाइन गुंडाळून ठेवणं. लाइनच्या पुढे ९ फुटी निमुळता लीडर, ४ एक्स किंवा ५ एक्स. इथं आकडा वाढला की धागा बारीक होतो, फसू नका. डझनभर फ्लाय, काही तरंगणाऱ्या, काही बुडणाऱ्या. आणि चष्मा नक्की, कारण फेकताना गळ कानाजवळून जातो. पाण्यात उतरायचे वेडर्स मी सोडून दिले. काठावरूनही शिकता येतं.

काठी, रीळ, लाइन असा तयार संच स्वस्त पडला. उरलेल्या पैशांत चांगली लाइन वेगळी घेतली. फ्लाय ठेवायला डबी घ्यायची राहिली, तेव्हा बाबांचा गरी ठेवायचा पत्र्याचा डबा आठवला. गंज घासून काढला, आत स्पंजचा तुकडा चिकटवला आणि तोच पाठवला.

भाच्याचा वाढदिवस जानेवारीत. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, तो त्यांचा अंडी घालायचा काळ. मग भाच्याने दोन महिने बागेतल्या हिरवळीवर सराव केला, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. रविवारी फोनवर मला त्याचा हिशेब मिळू लागला: आज लाइन झाडात अडकली, आज सरळ पडली.

मार्चमध्ये मत्स्य विभागाचा परवाना काढून तो तीर्थनवर गेला. संध्याकाळी फोन आला.

"मामा, चार तास उभा होतो. एकही नाही."

"मग?"

"मग काय, डबा उघडला की आजोबांचा वास येतो रे अजून. पुढच्या शनिवारी परत जातोय."

आठ हजारांत तीनशे रुपये उरले होते. त्यांची मी सुंगटं आणली.