ओहोटी पाहा, संगणक शिका!
शाळेत संगणक एक आणि तुम्ही साठ, म्हणून संगणकशास्त्राचे शिक्षण अडून राहावे काय? मुळीच नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचेच पाहा. ओहोटी असेल तर चालत जा, नसेल तर थांबा. परतताना पुन्हा हेच तपासा. (ही शेवटची पायरी विसरणारा किल्ल्यातच अडकतो!) ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणजे आजच्या वेळेवरून उद्याची काढता येते. अशा क्रमवार कृतीलाच अल्गोरिदम म्हणतात. न्यूझीलंडचे टिम बेल व सहकाऱ्यांनी यंत्राविना शिकवण्याची रीत रूढ केली. भारतात ‘सीएसपाठशाळा’ उपक्रम २०१६ पासून तिचा प्रसार करतो. शिक्षकांनी नुसती बटणे पाठ करून घेण्याआधी अशा पायऱ्या मुलांकडून फळ्यावर लिहून घ्याव्यात, आणि चुकलेली पायरी मुलांनाच शोधू द्यावी.