विचारण्याचे धाडस

काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या तोंडावर एका विद्यार्थ्याने माझ्याकडून वाचावयास नेलेली पाचही पुस्तके एकदम परत आणून दिली. ‘आता लागणार नाहीत, सर,’ एवढेच म्हणून तो नमस्कार करून गेला. मला त्याच्या नीटनेटकेपणाचे कौतुक वाटले. वसतिगृहातील त्याच्या सोबत्याला मात्र शंका आली. त्याच रात्री त्याने सरळ विचारले, ‘जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?’ तो मुलगा ढसाढसा रडला. सोबत्याने रात्रभर त्याला एकटे सोडले नाही. सकाळी घरच्यांना बोलावून डॉक्टरांकडे नेले. आज तो मुलगा नोकरी करतो आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला आकडे वाचता येतात. समोरचा माणूस मात्र वाचता आला नाही, ही खंत मला अजून आहे.

आकडेही भयावहच आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, महाराष्ट्रात. विद्यार्थी होते १३,०४४. कर्ज, बेकारी, परीक्षा, कौटुंबिक कलह, व्यसन, आजार यांपैकी कोणतेही एकच कारण बहुधा पुरेसे नसते. अनेक कारणे एकत्र गुंततात. ती दूर करण्याची जबाबदारी समाजाची व शासनाची आहेच. पण तोवर शेजारच्या बाकावरील माणसाचे काय?

येथे दोन गैरसमज आड येतात. ‘बोलतो तो करीत नाही’ हा पहिला. ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण येथे लागू पडत नाही. अनेकांनी आपला विचार आधी कोणत्या ना कोणत्या रूपाने बोलून दाखविलेला असतो. ‘मी सर्वांना ओझे झालो आहे’ असे उद्गार, निरोपाची भाषा, उडालेली झोप, वाढते व्यसन, माणसे टाळणे, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकणे, दीर्घ अस्वस्थतेनंतर एकाएकी आलेली शांतता, ही सारी चिन्हे होत. एखाद्या चिन्हावरून निष्कर्ष काढू नये; परंतु विचारपूस करावयास तेवढे निमित्त पुरेसे आहे.

‘विचारले तर नसती कल्पना डोक्यात शिरेल’ हा दुसरा गैरसमज. संशोधनाने त्याला आधार दिलेला नाही. उलट, विचारल्याने मन मोकळे होते. म्हणून स्पष्ट विचारावे आणि मग ऐकावे. उपदेश नको, इतरांशी तुलना नको, गुप्ततेचे वचनही नको. घातक वस्तू दूर ठेवाव्यात, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तो अनावर क्षण पुष्कळदा ओसरतो. तेवढा वेळ सोबत हवी.

पोलिसांच्या भीतीने कित्येक कुटुंबे गप्प राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले असून तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत जुने कलम ३०९ ही उरलेले नाही.

कायदा बदलला, आता आपली जीभ मोकळी व्हावयास हवी. हजेरीपटावर सलग चार दिवस ‘गैरहजर’ लिहिताना शिक्षकाने, शेजारच्या टेबलावरील सहकारी अबोल झाल्यास कारकुनाने, मित्र हिशेब मिटवीत सुटल्यास विद्यार्थ्याने थांबून विचारावे. प्रश्न चुकीचा ठरला तर थोडा संकोच होईल, इतकेच. न विचारण्याची किंमत मात्र कोणत्याही ताळेबंदात बसणारी नाही.